हाडानं धरलं

दहावीच्या पेपरातला रसग्रहणाचा प्रश्न मी आयुष्यभर शिकवला. अलीकडे तर त्याचे तीन मुद्देही ठरवून दिलेले असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मुलं तिन्ही मुद्दे इमानेइतबारे लिहितात आणि कविता बिचारी बाजूला सुकत पडते. निवृत्त होऊन नेरळच्या घरी बसल्यावर वाटलं, सुटलो. पण यंदा पुन्हा रसग्रहणाला बसलोय, आणि तेही कवितेच्या नाही. दहा मिलिमीटर लांबीच्या एका स्क्रूच्या. हा स्क्रू माझ्या खालच्या जबड्यात, डावीकडच्या पहिल्या दाढेच्या जागी आहे.

दाढ गेली ती चिक्कीनं. माथेरानहून उतरलेल्या पाहुण्यांनी पिशवीभर आणली होती आणि माझा मोह काही सुटला नाही. रूट कॅनल केलेली जुनी दाढ उभी चिरली. स्टेशनाजवळच्या दवाखान्यातली डॉक्टर माझीच विद्यार्थिनी. तिनं आरसा आत घालून बघितलं आणि म्हणाली, "सर, ही वाचायची नाही." दाढ काढली, तीन महिने खड्डा भरू दिला, स्कॅनसाठी मला बदलापूरला पिटाळलं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे माथेरानची गाडी पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या सुमारास, इम्प्लांटचा दिवस ठरला.

बसवायच्या आधी तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळाकरडा. खड्डे, खड्ड्यांच्या पोटात आणखी बारीक खड्डे, त्यांच्या कडा धारदार. कोपऱ्यात एक पांढरी रेघ आणि तिच्याखाली लिहिलेलं: १० मायक्रॉन. "सर, हे काय असेल?" मी म्हटलं, "जांभा." माथेरानच्या लाल वाटांवरचा दगड फोडला की आतून असाच दिसतो. ती हसली. "हाच तुमचा स्क्रू. दोन हजार पटींनी मोठा करून."

मग तिनं कुपी उघडून खरा स्क्रू दाखवला. हात लावायचा नाही, हातमोज्याचा सुद्धा नाही. मंद राखाडी, पाटीवरच्या पेन्सिलीच्या रंगाचा. मला वाटलं होतं, परदेशी माल आहे, चकचकीत असेल. याच्यावर चकाकी औषधालाही नव्हती. नुसती मानेजवळची एक चिंचोळी पट्टी तेवढी गुळगुळीत आणि उजळ होती. या पट्टीकडे पुढे येतो. आधी राखाडी भाग.

आमच्या मागच्या पडवीत आईचा पाटा आहे. लहानपणी वर्ष-दोन वर्षांनी टाकीवाली यायची, दारात बसून छिन्नी-हातोडीनं पाट्याला टाकी लावून द्यायची. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की वाटण त्यावर नुसतं घसरतं, वरवंटा फिरत राहतो आणि खोबरं आहे तिथेच. टाकी लागली की तोच दगड वाटण धरतो. टाकी फार खोल लागली तर मात्र पहिले चार दिवस वाटणात कच येते आणि खाचांत अडकलेलं ओलं वाटण दुसऱ्या दिवशी आंबतं. म्हणजे टाकीलाही माप असतं. टाकीवालीच्या हाताला ते ठाऊक होतं, तिनं कधी मोजलं नसेल.

दंतवैद्यकानं हे माप मोजून काढलं, आणि त्याला चाळीसेक वर्षं लागली. माझ्या स्क्रूची टाकी दोनदा लागलेली आहे. आधी कातलेल्या टायटॅनियमवर कुरुंदाच्या कणांचा मारा. हे कण पाव ते अर्धा मिलिमीटरचे, त्यांच्या ठोक्यांनी वीस ते चाळीस मायक्रॉनचे मोठे खड्डे पडतात. मग हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या गरम मिश्रणात बुडवतात, त्यानं प्रत्येक मोठ्या खड्ड्याच्या पोटात दोन ते चार मायक्रॉनचे बारीक खड्डे कोरले जातात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एका केसाच्या रुंदीत दोन-तीन मोठी खळगी आणि त्यांत पंचवीस-तीस बारीक खळगी मावतील, इतकी नाजूक ही टाकी.

आता गंमत अशी की ज्या स्क्रूनं हा सगळा संप्रदाय सुरू केला, त्याला टाकी लागलेलीच नव्हती. स्वीडनचा पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा मुळात दातांचा डॉक्टर नव्हे. १९५२ मध्ये लुंड इथे तो सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवून जिवंत हाडातलं रक्त सूक्ष्मदर्शकातून वाहताना बघत होता. प्रयोग संपल्यावर महागाची कुपी परत काढायला गेला तर ती निघेना. हाडानं ती धरून ठेवली होती. दुसरा कुणी वैतागून हाड फोडून मोकळा झाला असता. हा तिथेच थांबला आणि पुढची तेरा वर्षं त्या न निघालेल्या कुपीचाच विचार करत राहिला. १९६५ मध्ये गोटेनबर्गला योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यानं टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सनला जन्मतःच टाळूचं व्यंग, जबड्यात दात नाहीत. २००६ मध्ये तो वारला तेव्हाही ते स्क्रू जागच्या जागी आणि कामावर होते. चाळीस वर्षं. मधली कित्येक वर्षं स्वीडनमधल्याच दंतवैद्यांनी ब्रोनेमार्कला गंभीरपणे घेतलं नाही. जगाची मान हलली ती १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर.

ते लार्सनचे स्क्रू नुसते लेथवर कातलेले होते. त्यांचा फोटो बघितला तर समांतर बारीक चऱ्या दिसतात, नुकत्याच नांगरलेल्या शेतासारख्या. पुढे माझ्यासारखे जांभ्याचे आले. आणखी एक जात आहे. तिच्यात स्क्रू द्रावात बुडवून विजेचा दाब देतात, मग पृष्ठभागावरचं ऑक्साइड फुगून त्याला भोकं पडतात. तो फोटो पाहून मी बायकोला हाक मारली, आणि तिनं चष्मा लावून एका क्षणात निकाल दिला: "आंबोळी." तव्यावरून नुकती उतरलेली, जाळी पडलेली आंबोळी. नांगरट, जांभा, आंबोळी. आमच्या घरात इम्प्लांटच्या पृष्ठभागांची ही तीन नावं कायम झाली. कंपन्यांनी दिलेली इंग्रजी अक्षरं डॉक्टरणीच्या लक्षात राहोत.

मग कातीव स्क्रू चाळीस वर्षं टिकत होता, तर टाकी लावण्याचा खटाटोप कशाला? रसग्रहणातला खरा प्रश्न इथे येतो आणि त्याचं उत्तर रक्तात आहे.

स्क्रू आत गेला की त्याला आधी भेटतं ते रक्त. काही क्षणांत पाणी आणि क्षार चिकटतात, त्यामागून रक्तातली प्रथिनं, आणि मग रक्त गोठतं. गोठलेलं रक्त म्हणजे नुसता थिजलेला गोळा नाही. त्यात फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं असतं. त्याचं एक टोक कापलेल्या हाडाला, दुसरं स्क्रूला. हाड बांधणाऱ्या पेशी उडी मारून धातूवर येत नाहीत. त्या या दोरांवरून, ओढत-सरकत, स्क्रूपर्यंत येतात. आणि दोरावरून चालताना दोर ओढला जाणारच. स्क्रू गुळगुळीत असेल तर त्या ओढीनं फायब्रिन धातूपासून सुटतं, पूल तुटतो, पेशी हाडाच्या काठालाच अडकतात. मग नवं हाड काठापासून सुरू होऊन हळूहळू स्क्रूकडे वाढत येतं. पृष्ठभाग खडबडीत असेल तर फायब्रिनचे धागे खळग्यांत अडकून बसतात, ओढ सोसतात, पेशी थेट धातूवर पोचतात आणि नवं हाड स्क्रूच्या अंगावरच घालायला लागतात. म्हणजे बांधकाम दोन्ही काठांवरून सुरू होतं.

मला या भागात सगळ्यात जास्त रस वाटला. टाकीचा उपयोग हाडाला पकड देण्यासाठी आहे असं मी समजत होतो. पकड देतेही, पण ते नंतर. आधी ती धरते ते धाग्यांना, पहिल्या तासांतल्या त्या कच्च्या दोरांना. हाड पुढे येणार आहे, त्याच्यासाठी वाट धरून ठेवण्याचं काम पृष्ठभाग करतो. म्हणूनच हात लावायचा नाही हा नियम. उघड्यावर राहिलेल्या टायटॅनियमवर हवेतल्या सेंद्रिय वाफांचा थर बसतो आणि त्याला रक्त भिजवीनासं होतं. काही कंपन्यांचे स्क्रू त्यासाठी मिठाच्या पाण्यात बुडवूनच येतात. पाण्याचा थेंब त्यांच्यावर पडला की लोळत नाही, पसरतो.

आणि हाड धरतं ते टायटॅनियमलाही नव्हेच. हवा लागताक्षणी या धातूवर ऑक्साइडची कातडी येते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकी किंवा त्याहून पातळ. ओरखडा उठला तर तिथे लगेच नवी. शरीराला आतला धातू कधी दिसतच नाही. त्याचा सगळा व्यवहार या कातडीशी. कातडी विरघळत नाही, गंजत नाही, रक्तातल्या प्रथिनांशी भांडत नाही. पोलादाशी हे जमत नाही. शिवाय ताठरपणाचा हिशेब आहे: जबड्याच्या कठीण हाडाचा ताठरपणा दहा ते वीस गिगापास्कल, टायटॅनियमचा शंभर-एकशे दहा, पोलादाचा दोनशेच्या आसपास. जो शेजारी अजिबात वाकत नाही, त्याच्या शेजारी हाड सुखानं राहत नाही.

या ऑक्साइडबद्दल वाचताना मी जागच्या जागी उठून पडवीत गेलो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात शेकडा एक ते चार भाग टायटॅनियमचं ऑक्साइड असतं, लोखंडाशी जखडलेलं. आईचा पाटा त्याच पाषाणाचा. पाषाण झिजून नद्यांवाटे समुद्रात गेला की त्यातलं जड खनिज किनाऱ्यावर काळी रेती होऊन साचतं. रत्नागिरीकडे काळबादेवीपासून मालगुंडपर्यंतच्या किनाऱ्यावर ते इल्मेनाईट आहे. केशवसुतांच्या जन्मगावची वाळू, म्हणून तरी मराठीच्या मास्तरनं हे टिपून ठेवावं. १७९१ मध्ये विल्यम ग्रेगरला टायटॅनियमचा पहिला सुगावा लागला तोही कॉर्नवॉलच्या अशाच काळ्या रेतीत. आणि शुद्ध ऑक्साइड पांढरंशुभ्र असतं, आपल्या कित्येक टूथपेस्टना पांढरा रंग त्याचाच. म्हणजे दात शाबूत असताना जे वर घासत होतो, दात गेल्यावर तेच खाली रोवलं.

भाषिक वैशिष्ट्यांकडे वळतो, सवय जात नाही. ब्रोनेमार्कच्या परंपरेनं या घटनेला जो शब्द दिला तो लॅटिनमधल्या हाडावरून बेतलेला आहे: ऑसिओइंटिग्रेशन. मराठी पुस्तकात कुणी अस्थिएकात्मता असं काहीतरी करेल आणि तो शब्द कपाटात राहील. आमची डॉक्टर फोनवर दुसऱ्या पेशंटला सांगत होती, "काळजी करू नका, हाडानं धरलंय." धरणं. या एका क्रियापदाला मराठीत किती कामं आहेत: पाऊस धरतो, आंबा मोहोर धरतो, पोर बाळसं धरतं, रोप जीव धरतं, रुसलेलं माणूस अबोला धरतं. यातलं एकही धरणं चिमटीतलं नाही. सगळी आतून होणारी, वेळ घेणारी, आणि बाहेरच्याला घाईनं करता न येणारी. इंग्रजी शब्दात दोन वस्तू एकजीव झाल्याचा दावा आहे. प्रत्यक्षात तशा त्या होत नाहीत. साध्या सूक्ष्मदर्शकात हाड धातूला भिडलेलं दिसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं बघितलं तर मध्ये एक अतिपातळ, हाड नसलेला थर असतोच, आणि स्क्रूच्या पूर्ण अंगाला हाड कधीच लागत नाही. आपला शब्द जास्त खरा आहे. धरलंय म्हणजे मिसळलंय असं नाही.

धरण्याआधी सैल पडणं असतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. बसवतानाची घट्ट पकड ही नुसती यांत्रिक, लाकडात स्क्रू आवळावा तशी. भोक पाडताना कडेचं थोडं हाड मरतंच. म्हणून ड्रिलवर थंड सलाईनची धार अखंड. हाड ४७ अंशांवर एक मिनिटभर तापलं तरी ते दुखावतं. हे मेलेलं हाड शरीर आधी उचलून टाकतं आणि मग नवं घालतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला जुनी पकड ओसरलेली आणि नवी पुरती आलेली नाही, असा एक खोलगट काळ येतो. खडबडीत पृष्ठभागाचं खरं श्रेय इथे: तो हा खड्डा उथळ करतो. याच दिवसांत स्क्रू शंभर-दीडशे मायक्रॉनहून जास्त हलला तर हाडाऐवजी तिथे मऊ तंतूंची पिशवी तयार होते आणि सगळं मुसळ केरात.

माझा तो काळ आला जुलैत. समोरच्या खाचरांत लावणी नुकतीच झालेली. कर्जत तालुक्यात वाढलेल्याला हे सांगायला नको: आवण उपटून चिखलात लावलं की रोपं आठवडाभर पिवळी पडतात, माना टाकतात. नवख्याला वाटतं, गेलं पीक. मग एके सकाळी त्यांना काळोखी येते. लावणारा या आठवड्यात खाचरात पाय घालत नाही. (नेरळमध्येच सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी लावणीच टाळणारी भाताची पद्धत बसवली आहे. गादीवाफ्यावर थेट टोकण, नांगरट नाही, चिखलणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच. रोप हलवलंच नाही तर ते पिवळं पडायचा प्रश्न नाही. जबड्यात ही सोय नाही.) मी महिनाभर मऊ भात आणि उजवी बाजू यांवर काढला आणि जिभेला डावीकडे जाऊ दिलं नाही.

आता टाकीचं माप. १९९१ मध्ये डॅनियल बुसर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांच्या हाडांत सहा तऱ्हेचे पृष्ठभाग बसवून तीन आणि सहा आठवड्यांनी बघितलं. विजेनं गुळगुळीत केलेल्याला हाड लागलं शेकडा २० ते २५ भागाला. नुसत्या मोठ्या कणांचा मारा केलेल्याला ३० ते ४०. मारा करून वर आम्लानं कोरलेल्याला ५० ते ६०. आणि हायड्रॉक्सिॲपटाइट, म्हणजे हाडातल्याच खनिजाचा लेप दिलेल्याला ६० ते ७०. आकडे बघून कुणीही लेपाला पहिला नंबर देईल. पण तो लेप झिजत असल्याच्या खुणा त्याच प्रयोगात दिसल्या, आणि पुढे रुग्णांच्या तोंडात लेप सुटण्याच्या तक्रारी आल्या. हाडानं लेपाला धरलं, लेपानं धातूला सोडलं. पाठांतर करून आलेल्या उत्तरपत्रिका मी अशाच तपासल्या आहेत.

खडबडीतपणा वाढवत नेला तरी फायदा वाढत जात नाही. टोमास आल्ब्रेक्टसन आणि ॲन वेनरबर्ग यांनी सगळं ताडून सांगितलं की खोलीची सरासरी एक ते दोन मायक्रॉन असलेला मध्यम पृष्ठभाग हाडाला सगळ्यात मानवतो. त्याहून खोल गेलात तर हाडाला विशेष काही मिळत नाही, जंतूंना मात्र घर मिळतं. हिरडी खाली सरकून खडबडीत भाग तोंडात उघडा पडला की त्यावर बसलेलं कीटण ब्रशनं निघत नाही, आणि भोवतीचं हाड खचायला लागतं. आंबलेलं वाटण आठवा. म्हणून मानेजवळची ती गुळगुळीत पट्टी. हाडात खडबडीत, हिरडीत गुळगुळीत: एकाच स्क्रूवर एकमेकींच्या विरुद्ध दोन वृत्ती, आणि त्यांच्यामध्ये एकच सीमारेषा. यापेक्षा नेमकी यती मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

झिरकोनियाचे पांढरे स्क्रूही निघाले आहेत. दिसायला दाताचे, हाडही त्यांना धरतं, पण ताठर दोनशे गिगापास्कलचे आणि कठीण इतके की टाकी लावणंच अवघड. टायटॅनियमइतका जुना अनुभव त्यांच्या गाठीशी नाही. आमच्यासारख्या मागच्या दाढेच्या गिऱ्हाइकाला पांढरेपणाचं कौतुक नसतं.

आणि पृष्ठभागाचं इतकं गुणगान करून झाल्यावर एक कबुली. डॉक्टरनं मला पहिला प्रश्न स्क्रूबद्दल विचारला नव्हता. साखर किती, आणि तंबाखू, मशेरी काही? माझ्या शेजारच्या काकूंना तिनं मशेरी सोडल्याशिवाय इम्प्लांट बसवणार नाही असं तोंडावर सांगितलं. काकू भडकल्या: दात गेले म्हणून तर मशेरी उरली, आता तीही सोडू? रक्तवाहिन्या आकसलेल्या, साखर चढलेली, अशा जबड्यात जगातला सर्वोत्तम जांभा बसवला तरी वाट बघणाऱ्या धाग्यांवरून चालायला येणार कोण?

सप्टेंबर संपता संपता, हळवी भातं पिवळी पडत असताना, तिनं आरशाच्या दांडीनं स्क्रूवर टिचकी मारली. स्वच्छ, वरच्या पट्टीतला आवाज आला. "ऐकलंत सर?" मग कॅप बसली.

घरी आल्यावर बायकोनं भाकरी आणि पाट्यावरचं वाटण घालून केलेलं कालवण वाढलं. खऱ्या दाताभोवती हाडापर्यंत बारीक तंतूंची गादी असते, दात तिच्यात कणभर दबतो आणि तो दाब मेंदूला कळतो. इम्प्लांटला ही गादी नाही. हाडानं धरलं म्हणजे मध्ये दुसऱ्या कुणाला जागा ठेवलेली नसते. मी डावीकडे चावत होतो. कालवणात एक अख्खी मिरी राहिली होती. ती दाढेखाली आली ते मला कळलंच नाही. फुटल्याचा आवाज कानात ऐकू आला, आणि मग जीभ पोळली.